लाइव्ह मध्येच तुटतंय? जुना कॉम्प्युटर, घरचं वायफाय, आणि दोष नेमका कुणाचा ते शोधायची पद्धत

मी आठवड्यातून एकदा चित्र काढता काढता लाइव्ह येते. बघणारे तीस-चाळीस जण, लॅपटॉप २०१३ चा, आणि जवळजवळ चार महिने दर वेळी तेच रडगाणं, पंधरा-वीस मिनिटं सुरळीत जायची आणि मग चित्र गोठायचं, आवाज तुटायचा, चॅटमध्ये कुणीतरी "ताई दिसत नाहीये" लिहायचं आणि मी ते वाचेपर्यंत सगळंच बंद. स्पीड टेस्ट केली की झकास. लाइव्ह बंद करून परत केली तरी झकास. मग मी काय केलं, नवा राउटर आणला. फरक शून्य. मग इंटरनेटवाल्यांशी भांडले, त्यांचा माणूस घरी आला, स्वतःच्या फोनवर स्पीड दाखवला आणि गेला, आणि आता कबूल करायला हरकत नाही की त्याचं बरोबर होतं. दोष भलत्याच ठिकाणी निघाला. कुठे ते चौथ्या पायरीत सांगते, आत्ताच सांगितलं तर तुम्ही तेवढंच करून बघाल, आणि तुमचं दुखणं वेगळं असू शकतं.

लाइव्ह तुटायच्या जागा तीनच. एक, कॉम्प्युटर स्वतः. दोन, कॉम्प्युटर ते राउटर हा हवेतला टप्पा, म्हणजे वायफाय. तीन, राउटरच्या पुढची लाइन. तिन्हीकडे बिघडलं तरी बघणाऱ्याला दिसतं एकच, चित्र अडकलं. म्हणून यातली कुठली जागा ते कळेपर्यंत एकही सेटिंग बदलायचं नाही आणि काहीही विकत आणायचं नाही. मी हे उलट्या क्रमाने केलं, तुम्ही नका करू.

आधी हे जमवून ठेवा

- लॅन केबल, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत पोचेल एवढी. कॅट ५ई लिहिलेली पुरते. कुणाकडून दोन दिवस उसनी आणली तरी चालेल, सुरुवातीला ती फक्त तपासणीसाठी लागते.
- राउटरचं ॲडमिन लॉगिन. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, बहुतेक वेळा राउटरच्या बुडाला स्टिकरवर असतो.
- अँड्रॉइड फोन असेल तर त्यावर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं फुकट ॲप.
- अर्धा-एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल (डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचं छोटं वायफाय कार्ड, वापरत असाल तर).
- वही. हसू नका, वहीशिवाय मला हे सापडलंच नसतं.

आणि टेस्टसाठी खरं लाइव्ह वापरू नका. यूट्यूबवर प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड लाइव्ह लावता येतं, ट्विचला ओबीएसमध्ये (लाइव्ह पाठवायचं फुकट सॉफ्टवेअर) बँडविड्थ टेस्ट मोडवर टिक करता येते, म्हणजे सगळं पाठवलं जातं पण कुणाला दिसत नाही. टेस्ट मात्र नेहमीच्या लाइव्हसारखीच हवी, तोच कॅमेरा, तेच रेकॉर्डिंग, तीच वेळ. रात्री दोनला केलेली टेस्ट संध्याकाळी आठच्या लाइव्हबद्दल काही सांगत नाही.

१. ओबीएस काय म्हणतंय ते बघा

तुम्ही ओबीएस वापरता असं धरून चालते, दुसरं काही असेल तरी असे आकडे कुठेतरी असतातच. व्ह्यू किंवा डॉक्स मेनूत स्टॅट्स म्हणून आहे, ते उघडून कोपऱ्यात ठेवून द्या. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या.

ड्रॉप्ड फ्रेम्सच्या (टाकून दिलेल्या चित्रांच्या) पुढे नेटवर्क लिहिलंय ती ओळ वाढतेय, तर माल तयार होतोय पण बाहेर जात नाहीये, म्हणजे वायफाय किंवा लाइन. एन्कोडिंग लॅग (चित्र पाठवण्याजोगं लहान करायला होणारा उशीर) वाढतोय तर प्रोसेसर दमलाय. रेंडरिंग लॅग (चित्र रचायलाच होणारा उशीर) वाढतोय तर ग्राफिक्सवर ताण आहे. शेवटच्या दोन्हींचा वायफायशी काही संबंध नाही, फक्त त्याच वाढत असतील तर सरळ सातव्या पायरीवर जा. मी कितीतरी जणांना बघितलंय, एन्कोडिंग लॅग आहे आणि बिचारे राउटर इकडून तिकडे हलवतायत.

एक खोच आहे. हे आकडे लाइव्ह सुरू झाल्यापासूनची बेरीज असते, म्हणजे सुरुवातीला एकदा झटका बसला तर टक्केवारी शेवटपर्यंत तशीच दिसत राहते. त्यामुळे आकडा किती आहे यापेक्षा आत्ता, या क्षणी वाढतोय का ते बघा. तिथेच रीसेटचं बटण आहे.

आता कुणीही विचारेल, अहो पण त्याच वायफायवर पिक्चर बघताना तर काही होत नाही. होत असतं, दिसत नसतं. व्हिडिओ बघताना प्लेअरने पुढचा भाग आधीच भरून ठेवलेला असतो, त्यामुळे मध्ये चार सेकंद नेट गेलं तरी तो साठ्यावर चालतो. लाइव्ह पाठवताना पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो, साठवणार काय? बहुतेक ठिकाणी लाइव्ह आरटीएमपी नावाच्या पद्धतीने जातं, ती टीसीपी या नियमांवर चालते, म्हणजे एखादं पॅकेट हरवलं की ते परत पाठवायचं आणि तोवर मागच्यांनी रांगेत थांबायचं. रांग फार लांबली की ओबीएस फ्रेम्स फेकून द्यायला लागतं, आणि त्याहून लांबली की कनेक्शनच तुटतं. म्हणून लाइव्हला फार वेग लागत नाही, पण सलग लागतो.

२. दोन पिंग लावून ठेवा

अख्ख्या लेखातली सगळ्यात उपयोगी पायरी हीच, आणि करायला पाच मिनिटं. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग टाइप करा (टाइप इंग्रजी अक्षरांतच करायचं, मी उच्चार लिहितेय). डिफॉल्ट गेटवेपुढे जो पत्ता येतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा काहीतरी, तो तुमचा राउटर. आता दोन वेगळ्या खिडक्या उघडा. एकीत पिंग, स्पेस, राउटरचा पत्ता, स्पेस, डॅश टी. दुसरीत तसंच पण पत्ता ८.८.८.८, तो गूगलचा सर्व्हर आहे, म्हणजे घराबाहेरचा. मॅक आणि लिनक्सवर डॅश टी लागत नाही, तिथे पिंग आपोआप चालू राहतं. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा, टेस्ट लाइव्ह लावा, आणि जेवढ्या वेळात नेहमी तुटतं त्याच्या दुप्पट वेळ चालू द्या.

तुटलं की बघा:

- राउटरचा पिंगसुद्धा शेकड्यात गेला किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट आला: हवेतला टप्पा. तिसरी, चौथी, पाचवी पायरी तुमच्यासाठी.
- राउटरचा पिंग १ ते ५ मिलिसेकंदांत निवांत, पण ८.८.८.८ मेला: राउटरच्या पुढची लाइन. वायफायला शिव्या देऊ नका, सहावी आणि नववी पायरी बघा.
- दोन्ही निवांत आणि तरी ड्रॉप्ड फ्रेम्स वाढतायत: ओबीएसमध्ये सर्व्हर बदलून बघा, जवळचा दुसरा निवडा, आणि अँटिव्हायरस मध्ये तंगडी घालत नाहीये ना ते तपासा.

मधूनच एखादा पिंग १०० ला जाऊन लगेच खाली आला तर मनावर घेऊ नका, राउटर पिंगला उत्तर देणं हे शेवटचं काम समजतो. सलग पाच-सहा ओळी खराब आल्या तर ते खरं.

प्रत्येक वेळी तुटल्याची वेळ वहीत लिहा, आणि तेव्हा घरात काय चालू होतं तेही. वेळेतच पुष्कळदा उत्तर असतं. बरोबर तासातासाने तुटतंय? मग कुठलातरी टायमर आहे, उदाहरणार्थ पुष्कळ राउटर ठरावीक वेळाने वायफायची ग्रुप की (सगळ्यांची सामायिक गुप्त किल्ली) बदलतात आणि जुन्या कार्डांचे ड्रायव्हर तिथे अडखळतात. विशिष्ट खोलीत कुणी मायक्रोवेव्ह लावला की तुटतंय? मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, तुमचं वायफाय त्याच पट्ट्यात असेल तर दोन मिनिटं गोंधळ ठरलेला.

३. केबल लावून बघा

वायफाय पूर्ण बंद करा (नुसती केबल खुपसून वायफाय चालूच ठेवू नका, मग टेस्ट कशाची झाली तेच कळत नाही) आणि केबलवर दोन टेस्ट लाइव्ह करा. तुटलं नाही, तर वायफायच दोषी, सिद्ध झालं. आणि केबल कायम ठेवता येत असेल तर ठेवा आणि इथेच वाचणं थांबवा, खरंच. वायफायवर घालवलेला कुठलाही वेळ केबलची बरोबरी करत नाही.

जुन्या कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे म्हणून घाबरू नका. आपलं लाइव्ह ३ ते ६ एमबीपीएसचं, त्याला तो रग्गड. पोर्टच नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन ॲडॉप्टर मिळतो, यूएसबी २ वाला पण चालतो. केबलची क्लिप तुटलेली असेल तर ती केबल फेका, हललं की सुटते आणि मग तुम्ही परत नेटला दोष देत बसता.

केबल लावूनही तुटलं तर वायफाय निर्दोष. चौथी-पाचवी सोडा, सहावीवर जा.

४. केबल शक्य नाही, मग वायफायच्या मागे लागा

आधी आपलं कार्ड काय कुवतीचं आहे ते समजून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस टाका. रेडिओ टाइप, चॅनल आणि सिग्नल अशा ओळी येतील. चॅनल १ ते १३ मधलं असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात, ३६ किंवा पुढचं असेल तर ५ वर. रेडिओ टाइप ८०२.११ एन म्हणजे २००९ चं मानक, एसी म्हणजे २०१३ चं. त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये असलेली पुष्कळशी एन कार्डं फक्त २.४ वरच चालतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत दिसतच नाही. माझ्या नव्या राउटरने काही फरक का पडला नाही ते इथे कळलं, राउटर कितीही भारी आणा, समोरचा जुनं तेवढंच बोलतो.

त्यातून मी सुरुवातीलाच ५ गिगाहर्ट्झवालं डोंगल न आणता घरात पडलेलं जुनं २.४ वालं डोंगल लावलं, "आतल्या कार्डापेक्षा बरं" म्हणून. आणि ते लावलं कुठे, तर रिकाम्या राहिलेल्या एकमेव पोर्टमध्ये, बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारी. आता बघा. लाइव्ह करताना मी रेकॉर्डिंगही करते, ते त्या हार्ड डिस्कवर जातं. हार्ड डिस्क यूएसबी ३ ची. यूएसबी ३ च्या केबल आणि कनेक्टरमधून चालू असताना जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर एक कागदच काढला होता. म्हणजे मी लाइव्ह सुरू केलं की रेकॉर्डिंग सुरू, रेकॉर्डिंग सुरू की डिस्क सतत बोलायला लागणार, आणि तिच्या कानाशी बसलेल्या डोंगलला राउटर ऐकू येईनासा होणार. लाइव्ह बंद, डिस्क गप्प, स्पीड टेस्ट झकास. चार महिने! वहीत "रेकॉर्डिंग विसरले, आज तुटलं नाही" अशी एक ओळ लिहिली होती ती तीन आठवड्यांनी वाचली तेव्हा ट्यूब पेटली.

उपाय काय होता, तर यूएसबी एक्स्टेन्शन केबल. डोंगल डिस्कपासून हातभर लांब, टेबलाच्या कडेला. संपलं.

तुमच्याकडे डोंगल असेल तर हे आधी करा. लॅपटॉपच्या आतलं कार्ड असेल तरी यूएसबी ३ ची डिस्क किंवा हब स्क्रीनपासून लांब ठेवून बघा, कारण लॅपटॉपच्या अँटेना बहुधा स्क्रीनच्या कडेने असतात. डेस्कटॉपवाल्यांनी मागे वाकून बघा, कार्डाच्या अँटेना लावलेल्या तरी आहेत का (खोक्यातच राहिलेल्या मी स्वतः पाहिल्यात), आणि पत्र्याच्या केसची पाठ भिंतीला चिकटलेली असेल तर सिग्नल यायचा कुठून.

ब्लूटूथ हेडफोन आणि माउसही २.४ वरच. लॅपटॉपमध्ये तर वायफाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच कार्डावर असतात. लाइव्हपुरता वायरचा हेडफोन घाला.

राउटर कुठे ठेवलाय? टीव्हीच्या मागे, कपाटात, जमिनीवर, माशांच्या टाकीशेजारी, यातलं काही असेल तर आधी तो बाहेर काढा. पाणी, धातू आणि आरसे हे तिघं वायफायचे वैरी. सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) दिसत असेल तर उणे ६७ किंवा त्याहून शून्याकडे असावा, उणे ७५ च्या पलीकडे लाइव्हचा नाद सोडा. मॅकवर ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की हा आकडा दिसतो.

चॅनल. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. राउटरमध्ये ऑटो काढून फोनच्या ॲपमध्ये जो कमी गर्दीचा दिसेल तो यातला एक द्या. ३ किंवा ८ मोकळा दिसतोय म्हणून तो देऊ नका, दोन्ही बाजूंच्या गर्दीची टक्कर तुम्हालाच बसते. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवली की वेग कागदावर वाढतो आणि शेजारपाजारचा सगळा गोंगाटही आत येतो.

५ गिगाहर्ट्झ मिळत असेल तर तेच घ्या, गर्दी खूप कमी, फक्त भिंतीपलीकडे लवकर दमतं. इथे एक सापळा आहे जो कुणी सांगत नाही. चॅनल ५२ ते १४४ हे रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारसारखं काही जाणवलं की त्याला तो चॅनल सोडावाच लागतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान १ मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. तुमचं लाइव्ह तेवढ्यात गेलं. म्हणून ३६, ४०, ४४, ४८ यातला चॅनल हाताने देऊन टाका.

राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर नावं वेगळी करा. नाहीतर कॉम्प्युटर लाइव्हच्या मध्येच या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर उडी मारतो. आणि सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ किंवा २-३ मिश्र असेल तर जुन्या कार्डासाठी डब्ल्यूपीए२ एईएस करून बघा. टीकेआयपी (जुनं एन्क्रिप्शन) मात्र चुकूनही नको, त्यावर एन कार्ड ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही, आणि सुरक्षितही नाही.

रिपीटर घेऊ का असं सगळे विचारतात. एकाच रेडिओचा साधा रिपीटर तोच रेडिओ ऐकायला आणि तोच पुढे पाठवायला वापरतो, म्हणजे वेग साधारण अर्धा आणि तुटायची जागा एकाऐवजी दोन. लाइव्हसाठी मी तरी नाही घेणार.

त्यापेक्षा ही युक्ती करा. अँड्रॉइड फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा, मग यूएसबी केबलने कॉम्प्युटरला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट यूएसबीतून पुढे देतात, म्हणजे तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला फुकटात नवं वायफाय कार्ड मिळालं. मोबाइल डेटा आधी बंद करा, नाहीतर वायफाय गेलं की गुपचूप डेटा संपेल.

५. पॉवर सेव्हिंग आणि ड्रायव्हर

विंडोजला वाटतं की वायफाय कार्ड जरा झोपलं तर बॅटरी वाचेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर्स, तुमचं कार्ड, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, तिथे पॉवर वाचवायला हे बंद करायची परवानगी देणारी टिक काढा. मग कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस ॲडॉप्टर सेटिंग्ज मॅक्सिमम परफॉर्मन्सवर. दोन्ही ठिकाणी करा, एकाने भागत नाही, आणि लाइव्हला लॅपटॉप चार्जरवरच ठेवा.

ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याच्या किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" वाली सॉफ्टवेअरं अजिबात नकोत. आणि नुकत्याच एखाद्या अपडेटनंतर हे दुखणं सुरू झालं असेल तर त्याच प्रॉपर्टीजमध्ये रोलबॅक ड्रायव्हर आहे, जुन्या कार्डाला कधीकधी जुनाच ड्रायव्हर मानवतो.

विंडोज १० किंवा ११ वर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट टाकलं की मागच्या ३ दिवसांत वायफाय कधी सुटलं आणि का सुटलं याचा अहवाल तयार होतो, कुठे सेव्ह झाला तेही तिथेच छापून येतं. तुमच्या वहीतल्या वेळा त्याच्याशी ताडून बघा. तुम्ही लिहिलेल्या वेळेला अहवालात काहीच नसेल तर वायफाय सुटलं नव्हतं, अडलं होतं, म्हणजे गोंगाट किंवा गर्दी.

६. अपलोडचं गणित, आणि घरातले चोर

स्पीड टेस्टमध्ये मोठ्या अक्षरात दिसतो तो डाउनलोड. आपल्याला त्याचं काही देणंघेणं नाही. लाइव्हच्या नेहमीच्या वेळेला तीन दिवस टेस्ट करा, अपलोडचा सगळ्यात कमी आकडा घ्या, त्याचा अर्धा म्हणजे तुमचा बिटरेट (दर सेकंदाला किती माल पाठवायचा तो आकडा). कमीत कमी ६ एमबीपीएस आला तर ३००० केबीपीएस. सरासरी घेऊ नका, लाइव्ह सरासरीला तुटत नाही, तळाला तुटतं. ७२० पी आणि ३० फ्रेम्सला २५०० ते ३००० मध्ये छान दिसतं, माझ्या चित्रांना तर २५०० पुरतात, हात सोडून स्क्रीनवर काही हलतच नाही. रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम एकच), कीफ्रेम इंटरव्हल (पूर्ण चित्र किती वेळाने पाठवायचं) २ सेकंद.

दुसऱ्या पायरीत राउटरचा पिंग चांगला पण बाहेरचा हळूहळू फुगत ३००, ८०० असा जात असेल तर अपलोड कुणीतरी भरून टाकतंय. हा चोर बहुतेक वेळा घरातला फोन असतो, चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप सुरू करणारा. किंवा तुमच्याच कॉम्प्युटरवरचं क्लाउड सिंक, किंवा विंडोज अपडेट जे दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरला अपडेट वाटत बसतं (डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये बंद करता येतं). मी रेकॉर्डिंगचं फोल्डर क्लाउडच्या फोल्डरच्या आत ठेवलं होतं एकदा. रेकॉर्ड होतंय तोवर अपलोडही होतंय, त्याच लाइनवरून. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला आधी नेट द्यायचं ते ठरवणारी सोय) असेल तर तुमच्या कॉम्प्युटरला प्राधान्य द्या, नसेल तर घरच्यांना तासभर बॅकअप थांबवायची विनंती.

७. कॉम्प्युटरच दमला असेल तर

एन्कोडिंग लॅगवाले इथे. आउटपुट १२८० बाय ७२०, ३० फ्रेम्स, त्याच्या वर जायचा हट्ट नको. एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) वापरत असाल तर प्रीसेट व्हेरीफास्टवरून सुपरफास्ट करा, चित्र किंचित मऊ होईल पण चालू राहील. त्याहून चांगलं म्हणजे हार्डवेअर एन्कोडर, ग्राफिक्स चिपमधला. इंटेलचं क्विक सिंक २०११ च्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून आहे, एनव्हिडियाचं एनव्हेंक २०१२ पासून, त्यामुळे जुन्या मशीनमध्येही असायची शक्यता आहे, एन्कोडरच्या यादीत बघा.

पहिली २०-२५ मिनिटं ठीक आणि मग लॅग, असं असेल तर उष्णता. जुन्या लॅपटॉपच्या पंख्यात गादीभर धूळ असते, प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. पंखा साफ करा, मागून उचलून ठेवा, पांघरुणावर तर ठेवूच नका.

ओबीएस २८ पासून, म्हणजे २०२२ पासून, विंडोज ७, ८ आणि ३२ बिट विंडोजला सोडचिठ्ठी मिळाली. तुमचं मशीन त्यातलं असेल तर इन्स्टॉल होत नाही म्हणून डोकं फोडू नका, २७ वर राहा किंवा ६४ बिट मशीनवर हलकं लिनक्स घाला.

८. तुटलंच तर पडायला जाळी

ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली, गर्दी झाली की बिटरेट आपोआप कमी करायचा पर्याय आहे, तो चालू करा. चित्र क्षणभर खराब होतं पण लाइव्ह सुटत नाही. तिथेच ऑटोमॅटिक रीकनेक्ट चालू आहे ना बघा, रीट्राय डिले २ सेकंद.

यूट्यूबवाल्यांनी लाइव्ह कंट्रोल रूममध्ये ऑटो-स्टॉप बंद करा. ते चालू असेल तर तुमच्याकडून माल येणं थांबलं की यूट्यूब समजतं कार्यक्रम आटोपला आणि लाइव्ह संपवून टाकतं, मग तुम्ही जोडले गेलात तरी बघणारे जुन्या लिंकवर. बंद असेल तर लिंक तीच राहते, फक्त शेवटी आठवणीने एंड दाबायचं. मी एकदा विसरले, पुढची चाळीस मिनिटं रिकामी खुर्ची लाइव्ह होती.

रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये ठेवा. साध्या एमपी४ मध्ये मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर अख्खी फाइल जाते, एमकेव्हीत तोपर्यंतचं शाबूत राहतं आणि नंतर ओबीएसमधूनच रीमक्स करून (फक्त फाइलचं वेष्टन बदलून) एमपी४ करता येतं.

९. इंटरनेटवाल्यांना फोन करायचा असेल तर

फक्त एकाच परिस्थितीत करा, केबल लावून, राउटरचा पिंग स्वच्छ आणि बाहेरचा पिंग तुटलेला. "नेट स्लो आहे" म्हणालात की ते राउटर बंद-चालू करायला सांगणार. त्याऐवजी म्हणा, केबलवर आहे, राउटरला पिंग २ मिलिसेकंद आहे, त्याच वेळी बाहेर सलग १५ रिक्वेस्ट टाइम्ड आउट, या या तारखांना या या वेळांना. दोन्ही खिडक्यांचा एकत्र स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यात घड्याळ दिसू द्या. माणूस घरी येणार असेल तर त्याला तुमच्या नेहमीच्या लाइव्हच्या वेळेलाच बोलवा आणि त्याच्यासमोर टेस्ट लाइव्ह लावा, पिंगच्या खिडक्या उघड्या ठेवून. तो फोन काढून स्पीड दाखवायला लागला तर दाखवू द्या, आणि मग त्याला अपलोडचा आकडा मोठ्याने वाचायला सांगा.